जहाज बुडेपर्यंत आई थांबली

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा आमच्या दांडी गावात वेळ नुसता रेंगाळतो. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, त्यांच्यावर ताडपत्र्या बांधलेल्या असतात आणि वर्षभर अंधारात उठणारी पुरुषमंडळी दुपारपर्यंत लोळत पडतात. मी राहते बोईसरला, नोकरीही तिथलीच. पण त्या दिवसांत रविवारी मी माहेरी दांडीला जाते, आणि त्यातल्या एका रविवारी आम्ही सगळे मिळून जहाज बुडायचा सिनेमा बघतो.

दरवर्षी तोच. जुना इंग्रजी सिनेमा, हिंदीत बोलणारा. पूर्वी त्याची सीडी होती, आता मोबाइल टीव्हीला जोडतो. होड्या पाण्यात असताना तो लावायचा नाही, हा बाबांचा नियम. बाबा तांडेल, होडीवर शब्द त्यांचाच चालतो, आणि घरात टीव्हीपुरता तरी चालतो. माणसं समुद्रावर गेलेली असताना घरी बसून बुडणारं जहाज बघणं त्यांना पटत नाही. होडी वर आली की मात्र सगळ्यांच्या आधी तेच चटई पसरून बसतात.

आता कुणी म्हणेल, ज्यांचं पोट समुद्रावर, त्यांना असलं बघवतं तरी कसं? बघवतं काय, आवडतं! जेवणाच्या दालनातली ताटं घसरायला लागतात, कोट घातलेले साहेबलोक कललेल्या जमिनीवरून सरसर खाली येतात, तसे आम्ही चटईवर पुढे सरकतो. बाबांना कप्तानाचा भयंकर राग येतो. "लाट समोर दिसते नि हा आडवा उबा! अरे, तोंड दे तिला, तोंड दे!" असं ते टीव्हीवर ओरडतात, आणि कप्तान दरवर्षी त्यांचं ऐकत नाही.

मला त्यातले दिवे आवडतात. जहाज कलतं तरी खिडक्यांतले दिवे चालूच असतात. पाण्याखाली गेल्यावरही थोडा वेळ ते हिरवट दिसत राहतात, मग एकेक मजला विझतो. लहानपणी संध्याकाळी पावसाच्या पडद्याआडून तारापूरच्या वीजकेंद्राचे दिवे दिसायचे. मला वाटायचं, तेच जहाज हे, बुडालंच नाही, हळूच आमच्या किनाऱ्याला येऊन लागलंय, आणि केंद्राच्या कॉलनीत राहणारी माणसं म्हणजे त्याच्यावरचे उतारू. अजूनही पाऊस असला की क्षणभर तसंच वाटतं, आणि मी ते वाटू देते.

आई मात्र जहाजात पाणी शिरलं की उठायची. "चाय ठेवते," म्हणून आत जायची ती सिनेमा संपल्यावरच कप घेऊन बाहेर यायची. चहाला एवढा वेळ लागत नाही हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

कारण होता मामा. आईचा धाकटा भाऊ, तिनंच कडेवर घेऊन वाढवलेला. माझ्या जन्माच्या आधी तो एका होडीवर खलाशी म्हणून गेला, वादळ झालं, आणि ती होडी परत आली नाही. सोबत गेलेली दुसरी होडी आली. तिच्यावरचा एकजण अजून गावात आहे, आता म्हातारा झालाय. मामाला शेवटचं त्यानंच पाहिलं.

पण आमच्या आळीत एक रीत आहे. समुद्रात जे पाहिलं ते गेलेल्याच्या घरच्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आपण होऊन सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याला रडवणं. घरच्यांना झेपेल तेव्हा ते विचारतील, मग सांगायचं. आईनं कधी विचारलंच नाही. तो म्हातारा समोरून दिसला की ती दुसऱ्या गल्लीत वळायची. भाऊ कसा गेला ते ठाऊक नव्हतं, म्हणून तो तिच्या मनात दर वेळी नव्या तऱ्हेनं बुडायचा. झोपेतही ती हातांनी काहीतरी चाचपडायची. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. एकदाचं विचारून मोकळी का होत नाहीस, असं ओठांवर यायचं आणि तिथंच राहायचं.

यंदा पालघरला आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस वाकायचं नाही, शेगडीजवळ फिरकायचं नाही. स्वयंपाकघर बाबांच्या ताब्यात आलं आणि त्यांच्या चहाबद्दल न बोललेलंच बरं. त्या रविवारी सिनेमा लावू की नको, असं मी त्यांना खुणेनं विचारलं. आईला ते नेमकं दिसलं.

"लाव ना गं," ती म्हणाली. "नवा डोला हाय, कायतरी बगू दे त्याला."

जहाज निघालं. आई रंगांतच हरवून गेली. "पानी एवडं निलं हाय? पैल्यापासून?" पैल्यापासून, मी म्हटलं. मग पाणी आत शिरलं. तिनं उठायला म्हणून हात टेकला, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "बस तितंच. चाय मी टाकलीय."

ती बसली. बाहेर पाऊस एका लयीत पडत होता, खोलीभर निळा उजेड हलत होता, आणि आईचा चेहरा त्यात मधूनच दिसत होता, मधूनच नाहीसा होत होता. आम्ही सगळेच तळाशी बसलोय आणि वरून कुणाचे तरी पाय जाताहेत, असं मला वाटत राहिलं.

शेवटी वाचलेल्यांच्या छोट्या होड्या दिसतात. अंगावर घोंगडं घेतलेली एक बाई प्रत्येक होडीजवळ जाऊन आपल्या माणसाबद्दल विचारत सुटते. एक खलाशी उठून उभा राहतो, तिच्याशी बोलतो. तो काय सांगतो ते ऐकूच येत नाही, कारण संगीत जोरात सुरू होतं. आम्हाला ते कधी खटकलं नव्हतं.

"काय सांगितलं त्यानं?" आईनं विचारलं.

"ते नाही दाखवत."

"मंग दाखवलं काय एवडा वेल?" ती चिडलीच. थोडा वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "माजी चप्पल दे."

मी छत्री धरली. म्हातारा आपल्या ओट्यावर जाळं शिवत होता. आम्हाला बघून त्याचा हात थांबला. आई बसली नाही. पायरीवर उभ्यानंच तिनं विचारलं, "दादा, माजा भाव कसा गेला?"

त्यानं जाळं मांडीवरून बाजूला सारलं.

"आमची मशीन बंद पडलेली, बाय. तुज्या भावानं दोर टाकला नि आमाला ओढीत आनलं. मंग त्यांच्याच होडीत पानी भरलं. आमी पन खाली गेलो असतो. तवा त्यानं दोर कापला. कापताना आमाला हात केला. मला ते सांगायचं व्हतं. पन तू गल्लीत वलायचीस."

मला रडू कोसळलं. आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हाताऱ्याच्या घरात पोरांचा गलका चालला होता, कुणीतरी कुणाला तरी दम देत होतं. ती त्या दाराकडे बघत राहिली.

"आत कोन कोन हाय?"

"पोरं, सुना, नातवंडं. सगली हायत."

"बोलव सगल्यांना," आई म्हणाली. "बगू दे मला."

त्यानं हाक मारली, आणि एकेकजण बाहेर ओट्यावर यायला लागला.