पळून आल्यावर लगेच थांबायचं नाही

सकाळी व्यायाम करायचा आणि तसंच दूध कट्ट्यावर जायचं, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. म्हैस तिथंच उभी असते, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळलेलं कोमट दूध उभ्यानंच प्यायचं. मी पन्नाशीत पळायला लागले आणि हिवाळ्यातल्या शर्यतीत नावही घातलं. सरावाला आम्ही तिघी मैत्रिणी. शेवटचा टप्पा जीव खाऊन पळायचा आणि जी आधी कट्ट्यावर पोचेल तिला पहिला पेला, असा आमचा नियम होता.

एका सकाळी मी पहिली पोचले. भिंतीला टेकून उभी राहिले, पेला हातात घेतला आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन खाली कोसळले. दूध सगळं गवळ्याच्या पायावर.

"वैनी, म्हस बुजली की माझी!" तो ओरडला.

"म्हस राहू दे, आधी ही जित्ती हाय काय बघ!" मैत्रीण त्याच्यावर खेकसली.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नवरा दारातच उभा. "बास झालं आता. शर्यतीचं नावसुद्धा काढायचं नाही."

"डॉक्टर नको म्हणाल्या तर सोडेन," मी म्हटलं. "तुम्ही म्हणताय म्हणून नाही."

डॉक्टरबाईंनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, "पळून झाल्यावर काय करता?"

"उभी राहते."

"तिथंच चुकतं. पळताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात की ते पायातच राहतं आणि डोक्याला कमी पडतं. वेग हळूहळू कमी करा, श्वास जागेवर येईपर्यंत चाला, मग पोटऱ्या आणि मांड्या ताणा. दूध त्यानंतर."

"म्हणजे शर्यतीत पळू?"

"पळा. पण थांबायला शिका."

दुसऱ्या आठवड्यापासून मी कट्टा दिसायला लागला की चालायला लागायची. त्या दोघी पुढं जाऊन पेले रिकामे करायच्या. "आल्या बघा बाईसाहेब, वरातीतनं आल्यासारख्या!" रोज हरणं मला जमत नाही. म्हणून मी नियमच बदलायला लावला. जिला धाप न लागता गवळ्याशी भांडता येईल, तिला पहिला पेला. कुरकुर झाली, पण आठवड्याभरात त्याही चालत यायला लागल्या. भांडण ऐकायचं गवळ्याच्या वाट्याला आलं.

शर्यत मी पुरी केली. शेवटच्या रेषेपलीकडं नवरा कुठूनशी प्लॅस्टिकची खुर्ची पैदा करून उभा होता. "बस, बस, आधी बस!" मी हात हलवला आणि तशीच पुढं चालत गेले. तो खुर्ची उचलून माझ्या मागं.

"अगं, बसणार हायस का न्हाईस?"

"आत्ता नाही. ती खुर्ची ठेवा आणि चला माझ्याबरोबर."

त्यानं खुर्ची कडेला ठेवली आणि चालायला लागला. थोड्या वेळानं धाप त्यालाच लागली.