याके अण्णा आणि कोमट पाणी

नळ गळायला लागला की लोक प्लंबरला बोलावतात. आमचे अण्णा त्या नळासमोर स्टूल टाकून बसायचे आणि त्यालाच विचारायचे, "याके?" कन्नडमध्ये याके म्हणजे का. नळ काही बोलत नसे, पण अण्णांना घाईही नसायची. बेंगळुरात यशवंतपूरच्या आमच्या कारखान्यातल्या इमारती, पंप, तारा, रस्ते या सगळ्यांच्या देखभालीचं खातं त्यांच्याकडे होतं. सगळे त्यांना पाठीमागे याके अण्णा म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी ते रागावले नसते. का म्हणता, एवढंच विचारलं असतं.

मी सांगलीहून त्यांच्या हाताखाली आलो तो नव्वदच्या दशकात. अण्णांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. "स्वल्प थांब रे, पंपाचं ऐकू दे," असलं त्यांचं मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू आवरत नसे. खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, कामगार यंत्रांना झेंडूच्या माळा घालायचे. अण्णा आधी प्रत्येक यंत्राचं झाकण उघडायला लावायचे. आतली धूळ-चिकटा निघाल्याशिवाय ते हळदीकुंकवाची वाटी हातात देत नसत. म्हणायचे, "आधी आंघोळ, मग कुंकू. गंजावर कुंकू लावलं तर देवी गंजालाच पावणार."

शिकाऊ मुलांच्या वसतिगृहात आंघोळीचं पाणी लाकडांवर तापत असे. ते अण्णांना बघवत नव्हतं. बेंगळुरात घरोघर पंखे लागत होते तेव्हाची ही गोष्ट. "माझ्या लग्नात कुणी पंखा आहेर दिला असता तर लोक हसले असते," ते म्हणायचे. "गावातली थंडी पळाली, आता झाडंपण जाळा." वरच्यांच्या मागे लागून त्यांनी गच्चीवर सोलर बसवून घेतलं. नव्याची नवलाई होती तोवर साहेब पाहुण्यांना गच्ची दाखवायला नेत. मग पाणी कोमट यायला लागलं. मुलं कुरकुरली, आणि साहेबांनी जाहीर केलं की सोलर भंगारात काढून डिझेलवरचा बॉयलर आणायचा. अण्णांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ज्या कामाचा त्यांना सगळ्यात अभिमान, तेच मोडीत निघताना बघून त्यांना घरी जावं लागणार होतं.

अण्णांनी सोलरची एक नळी कापली. पाणी उकळून उकळून पातेल्याला बसतो तसा पांढरा थर आत बसला होता. थर का, तर बोअरवेलचं पाणी जड. बोअरवेल का, तर कारखान्याच्या आवारातलं, मागचं तळं आटलेलं; पूर्वी पाणी तिथून यायचं. तळं का आटलं याचं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं: हल्ली पाऊसच पडत नाही. अण्णांना ते पटेना. त्यांच्या मते पाऊस लहरी झाला होता, पण पडत होता; आला की धो धो येत होता. मग ते पाणी जातं कुठे?

एप्रिलमध्ये वळवाची मोठी सर आली तेव्हा त्यांनी मला छत्री घ्यायला लावली आणि आम्ही कुंपणाच्या बाहेरून चढावर गेलो. लाल पाणी उतारावरून खळाळत आमच्या भिंतीपर्यंत येत होतं, तिथे अडून वळत होतं आणि रस्त्यावर वाहून जात होतं. भिंतीच्या पलीकडे तळं कोरडं. अण्णांनी ओल्या भिंतीवर हात ठेवला.

"ही भिंत मीच बांधली रे," ते म्हणाले. "चोर येतात म्हणून. तेव्हा काही विचारलं नाही मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे स्वतःच साहेबांना जाऊन सांगितलं. भिंतीला भगदाड पाडायचं म्हटल्यावर साहेब उखडले. अण्णा म्हणाले, "लोखंडी जाळी बसवतो. चोर अडेल, पाणी येईल." शेवटी सोलरला एका पावसाळ्याची मुदत मिळाली. भिंत फोडून, जाळी बसवून अण्णा निवृत्त झाले आणि देवनहळ्ळीला राहायला गेले. त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मी रोज ढग बघायचो, आणि ते अण्णांसाठी.

तळं अर्धं भरलं. नळ्या साफ करून तळ्याचं पाणी गच्चीवर चढवलं आणि वसतिगृहात पुन्हा कढत पाणी आलं. पेढे घेऊन मी देवनहळ्ळीची बस पकडली. अण्णा अंथरुणावर होते, छातीच्या दुखण्याने पार वाळलेले. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, कॉफी केली. जन्म या माणसाला उत्तरं देण्यात गेला, अशी त्यांची नेहमीची तक्रार. बातमी ऐकून अण्णांचे डोळे भरून आले. पण लगेच त्यांनी सुरू केलं: पाणी आधी कुठल्या बाजूला साचलं? गढूळ किती दिवस होतं? बेडूक आले का? मी तळ्याकडे तेवढं नीट बघितलंच नव्हतं.

"सरी," ते कन्नडमध्ये म्हणाले, म्हणजे ठीक. "बघून ये, मग सांग."

पुढचे काही दिवस मी कामावरून सुटलो की तळ्याच्या काठावर जाऊन बसलो, आणि आधीचं सगळं पहारेकऱ्यांना विचारून घेतलं. रविवारी देवनहळ्ळीला पोचलो, तेव्हा अण्णांना जाऊन दोन दिवस झाले होते. मला कुणी कळवलं नव्हतं. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जे सांगायला आलो होतो तेच त्यांना सांगितलं. पाणी आधी बाभळीच्या बाजूला साचलं. आठवडाभर गढूळ होतं, मग निवळलं. बेडूक आलेत, संध्याकाळी ओरडतात.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "आणि मासे?"