बाजारातली सुई

माझी दुसरी लेक जन्मली तेव्हा आम्हाला धम्म घेऊन दीडेक वर्ष झालं होतं. छप्पन साली आमची सगळी वस्तीच दीक्षेला गेली होती. परत आल्यावर पोरीच्या बापानं घरातले देव फडक्यात बांधून नदीच्या डोहात टाकले आणि त्या कोनाड्यात कंदील ठेवला. सासू दोन दिवस जेवली नाही.

लेक ओल्या कापसासारखी लुळी होती. मान धरत नव्हती, डोळे वर ओढलेले, जीभ सारखी बाहेर. माझी नात आता नर्स आहे. ती म्हणते, याला डाऊन सिंड्रोम म्हणतात, ते पोटातच ठरतं, कोणाच्या चुकीनं होत नाही. असेल. आमच्या घरी सासूनं पहिल्याच महिन्यात वेगळं ठरवून टाकलं होतं.

“देव डोहात टाकले ना? आता तो तिच्या तोंडातून तुमाले जीभ दाखवून राह्यला.”

गावातही तेच बोलणं. पोरीच्या बापाला ते फार लागलं. तो कापसाच्या जिनात कामाला होता, पेपर वाचायचा, बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ. पोरगी बरी झाली तर आम्ही केलं ते बरोबर, नाही झाली तर देव खरा, असं त्याच्या डोक्यात बसलं. देवऋषी नको, अंगारा नको, नवस नको. बरी करायची ती दवाईनंच.

आधी आम्ही बसनं यवतमाळला सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईनं पोरीचे हात उघडून पाहिले, तळव्यावरची रेघ पाहिली, छातीला नळी लावली. मग सांगितलं, हा आजार नाही, याला औषध नाही. सगळं शिकेल, पण उशिरा. मांडीवर कमी घ्या, जमिनीवर जास्त ठेवा. एवढंच. मला ते पटलं असं नाही, पण समजलं. बसमधून उतरल्यावर पोरीचा बाप म्हणाला, “दवाई नाही म्हणते, अन् डॉक्टर म्हणवते.”

मी पोरीला जमिनीवर ठेवायला लागले. वावरात नेलं तर धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, पोतं टाकून त्यावर. दीड वर्षाची झाली तेव्हा ती बसली. तिसऱ्या वर्षी चौकट धरून उभी राहिली. मी तिला वेचणीचं टोपलं पालथं करून दिलं. ते ढकलत ढकलत ती अंगण ओलांडायची, मधेच बसून माती खायची, परत उठायची. दिवसभर कापूस वेचून आल्यावर मला ते पाहायचीही ताकद नसे. कंटाळा यायचा. पण ती चालायच्या बेतात होती, हे मला कळत होतं.

तेवढ्यात तिच्या बापाला बोरी अरबच्या बाजारात एक डॉक्टर सापडला. अंगात कोट, समोर टेबल, स्टोवर सुई उकळत ठेवलेली. तो कुठून शिकला होता कोणी विचारलं नाही. त्याच्याकडे लिंबू नव्हतं, नारळ नव्हता, देवाचा फोटो नव्हता. आमच्या माणसाला तेवढंच पाहायचं होतं. पोरीच्या डोक्याची नस दबली आहे, म्हणाला, एकवीस सुयांत उघडते, पोरगी चालते, बोलते, शाळेत जाते. पथ्य कडक. मीठ नाही, तेल नाही, भाकर नाही, नुसती पेज.

दर बाजाराला मी तिला पकडून धरायचे आणि तो सुई टोचायचा. सुया चालू झाल्यावर महिनाभरात ती टोपल्यामागे जास्त चालायला लागली. ते श्रेय सुईला गेलं. मग पेजेनं तिचे पाय काड्यांसारखे झाले. नवव्या सुईनंतर कुल्ल्यावर गळू आलं. मी जवसाचं पोटीस बांधलं, ते फुटलं, ताप उतरला. पण तिनं तो पाय खाली टेकवायचंच सोडलं. टोपलं अंगणात तसंच पालथं.

पुढच्या बाजारी तिचा बाप तिला उचलायला आला. गळूचं ऐकून डॉक्टर म्हणाला होता, विष बाहेर पडलं, आता गुण येतो. मी दारात बसले.

“देव खोटा हाय, हे माह्या पोट्टीच्या कुल्ल्यावर कायले लिहून राह्यले तुमी?”

आतून सासू हसली. तो त्या दिवशी बाजाराला गेला नाही. मी पोरीला मीठ घालून भाकर कुस्करून दिली. ती दोनदा जेवली.

पाय टेकवायला तिला बरेच महिने लागले. पाचव्या वर्षी, टोपलं न धरता, ती अंगणातून चुलीपर्यंत आली. सासू म्हणाली, देवाला दया आली. बाप म्हणाला, सुयांचा गुण उशिरा आला. मी भाकरी थापत होते. भांडायला अंगात जोर नव्हता.

पण त्याचं तेवढ्यावर भागलं नाही. लोकांनी पाहावं म्हणून त्यानं तिला नवं झबलं घालून बाजारात चालवत नेलं आणि नेमकं त्या टेबलासमोर उभं केलं. डॉक्टरानं तिच्या हातात गोड गोळी दिली आणि रांगेकडे वळून म्हणाला, पाहा. रांगेत एक बाई होती, ओटीत तसंच लेकरू, तसेच डोळे. तिनं मला विचारलं, “खरंच याच्याच सुईनं चालली का वो?”

पोरीचा बाप शेजारीच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, “नाही. आपसूक चालली. नेऊ नको लेकराले.”

बाईनं पदर ओढून लेकराचं तोंड माझ्यापासून झाकलं. मला वाटतं, माझी पोरगी चालली म्हणून आता मी तिच्या लेकराला चालू देत नाही, असं तिला वाटलं असावं. ती रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

पोरगी थकली होती. घरी येताना मी तिला कडेवर घेतलं नाही. जाताना चालवत नेणाऱ्या तिच्या बापानंच घेतलं.