परवाचं पाणी

जठारपेठेतल्या, शोभेचे मासे विकणाऱ्या मामांना गेल्या मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, तिघांनी त्यांच्याच दुकानात लोखंडी गजानं मारलं. भांडण झालं, असं लोक सांगतात. भांडणात दोन्हीकडून हात उठतात. इथे एकाच बाजूनं उठले.

मामांची जीभ तिखट होती, हे मान्य. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतात आणि ब्लीचिंगचा वास घेऊन येतात. मामा ते पाणी उघड्या ड्रममध्ये दिवसभर ठेवायचे, औषधाचे थेंब मोजून टाकायचे, तेव्हा कुठे काचेच्या टाकीतलं थोडं पाणी बदलायचे. गिऱ्हाइकांनाही हेच बजावायचे. माझे पहिले गप्पी मेले तेव्हा मलाही सोडलं नाही. "तुले नुसत्या वासानं ठसका येते पोरी, ते तर त्यातच श्वास घेऊन राह्यले."

त्या मंगळवारी एक गिऱ्हाईक दोन मित्रांना घेऊन आलं, हातात मेलेल्या माशांची पिशवी. रोगट माल दिला म्हणे. मामांनी पिशवी हुंगली.

"सरळ नळ सोडला न टाकीत? मारायचेच होते त तव्यावर मारायचे बाप्पा, खाल्ले तरी असते."

दुकानातले लोक हसले. झालं. गज आधी काचांवर पडला, मग मामांच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. ड्रम लवंडले. फरशीवर काचा, रक्त आणि तडफडणारे मासे. ते तिघं निघून गेले तशी मी धावत, त्या दिवशी नळ आलेला होता, त्याची बादली भरून आणली. मामांनी ती लाथेनं उडवली.

"ते आताचं हाय. मेडिकलच्या कूलरमधलं आण, परवाचं हाय ते, वास उडाला असन."

मी शेजारच्या मेडिकलमधून आणलं. मोडका हात छातीशी धरून ते डाव्या हातानं काचांतून मासे वेचत होते. नऊ जगले.

मामांची बोटं आता मिटत नाहीत. दुकानाला कुलूप आहे, ते अमरावतीला बहिणीकडे राहतात. ते निघताना मी पोलीस केसचा विषय काढला, तर एवढंच म्हणाले, "कोणी बोलन का?" ठाण्यात साक्षीला मी एकटीच गेले. एकटीच्या साक्षीवर काही झालं नाही, म्हणून ते तिघं मोकळे आहेत. बाकी सगळे त्या दिवशी मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत उभे होते.

शेजाऱ्यांनो, ते व्हिडिओ तुमच्याकडे आहेत. पुसू नका. या सोमवारी ठाण्यात आणून द्या आणि स्वतःच्या नावानं साक्ष लिहून द्या.