बंद बाटलीच्या आतली तीन बोटं

हे लिहून मी चार वेळा खोडलंय. असल्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांपैकी मीच एक... आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बी.एस्सी., केमिस्ट्री. आई-बाबा मजुरीला जायचे आणि शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी स्वतःची पुस्तकं देऊन मला शिकवलं. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही, असं ते सांगायचे. इथंही तेवढंच करते.

मी वर्ध्यात पाणी तपासणीच्या एका लॅबमध्ये कंत्राटी सहायक आहे, नालवाडीत खोली करून राहते. मागच्या हिवाळ्यात वडनेरच्या पुढच्या एका गावाचा अर्ज आला. गावाचं नाव देत नाही. माझी मोठी बहीण, वनिताताई, तिथं दिलेली आहे. गावाबाहेर नाल्याच्या काठी सरकीचं तेल काढायची जुनी गिरणी आहे, कित्येक वर्षं बंद. तिच्या पायाखालून काळं तेल झिरपतं आणि नाल्यात उतरतं. नाल्याला लागूनच पायऱ्यांची विहीर. त्या विहिरीवर पंप बसवून घरोघरी नळ द्यायचं ठरलं होतं. पाण्यात तेल नाही असा आमचा रिपोर्ट मिळाला की सोमवारी पंप सुरू. ताईला तेव्हा सातवा महिना होता.

मी नमुना घ्यायला गेले तेव्हा ती वरच्या पायरीवर बसून हसत होती. "एवढी शिकली, तरी पानीच भरून राह्यली वं तू. अन् त्यासाठी ऑफिसची गाडी पाह्यजे."

पाण्यावर पातळ, रंगीत तवंग होता. मी बाटलीच्या बुडानं तीनदा वरचं पाणी दूर सारलं आणि खालचं स्वच्छ पाणी भरून घेतलं. आई असंच भरायची. आमच्याकडे कोणतीही बाई नाल्यावर, विहिरीवर असंच पाणी भरते. त्याचा विचार करावा लागत नाही, हात आपोआप फिरतो. दोन बाटल्या भरल्या — एक तपासायची, एक राखीव. दोन्हींवर सील लावून सही केली.

रिपोर्ट गावाला गेला : तेल आढळले नाही.

शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी लॅबमध्ये एकटीच होते. खिडकीतलं ऊन राखीव बाटलीवर पडलं होतं. सील शाबूत, सही माझीच. आणि पाण्याच्या वर, काचेवर, काळ्या तेलाचं एक बोट ओढलेलं. मी फडक्यानं पुसलं. गेलं नाही. ते आतून होतं.

माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या शेजारी दुसरं उमटलं. मग तिसरं. सावकाश, डावीकडून उजवीकडे... कोणी वरचं पाणी दूर सारावं तसं.

तेल पाण्याच्या वर तरंगतं. ते आधी दूर सारायचं आणि मग खालचं पाणी तपासायचं — केमिस्ट्री शिकलेल्या मुलीनं हे केलं होतं.

साहेबांना फोन केला. "सर, नमुना घेताना माझी चूक झाली."

"रिपोर्ट गेल्यावर आठवलं का तुले?" ते चिडले. मग म्हणाले, "उद्या जाऊन दुसरा आण. मंग पाहू."

रविवारी एसटीनं गेले. ताईनं दारातच विचारलं, "काऊन अशी पांढरी पडली वं? पानी पी आधी." तिनं माठातून पेला भरून पुढं केला.

"कुठलं पाणी आहे हे?"

"विहिरीचंच. तुह्या सहीचा रिपोर्ट आला नं, कालपासून तेच आनून राह्यलो."

मी आत जाऊन माठ उचलला आणि अंगणात पालथा केला. ताईचे सासरे, आबाजी, बाजेवरून बघत होते. ते तरुणपणी त्याच गिरणीत इंजिनाला तेल घालायचे. ते काहीच रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गिरनी बंद करून सारे गेले. टाकीतलं तेल काढाले कोनी आलंच नाई, बाई."

विहिरीवर पोचलो तेव्हा एक वाजला असेल. लख्ख ऊन. ताईला वरच थांबवून मी खाली उतरले. डावा हात भिंतीला टेकवला, उजव्या हातानं बाटली पाण्यावर धरली. आणि काय सांगू... एवढं सगळं होऊनही हात सवयीनं पाणी सारायला वळला.

पण पुढं सरकलाच नाही. मनगट कोणीतरी धरलं होतं. पाणी हिवाळ्यातलं, थंडगार. पण ती पकड कोमट होती, बुळबुळीत होती. वारा नसताना समोरच्या काठाचा तवंग माझ्याकडे सरकत आला आणि बाटलीच्या तोंडात शिरू लागला.

वरून ताईचा आवाज आला, अगदी हळू. "तुहा डावा हात तं भितीले हाय नं वं... मंग पान्यात दोन हात कोनाचे?"

मी खाली पाहिलं नाही. पकड सुटली तशी बाटली छातीशी धरून वर आले. ताईला शपथ घालून विचारलं. ती म्हणाली, दोन हात दिसले होते, दुसरा कोपरापर्यंत काळा होता. आजही ती तेच सांगते.

त्या नमुन्यात तेल सापडलं, भरपूर. पंप सुरू करायचं थांबलं, गावाला टँकर सुरू झाला. पुढे गिरणीचं कुलूप तोडलं तेव्हा फरशीखालची टाकी तडकलेली निघाली. म्हणजे तेल कुठून येतं ते कळलं. बंद बाटलीच्या आत बोटं कोणी ओढली, ते मात्र कोणीच सांगू शकलं नाही. साहेबांनी सील स्वतः तपासलं आणि बाटली कपाटात ठेवून दिली. ताईला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणानं. या नोकरीत दोन वर्षं मी गावोगावचं पाणी असंच भरत आले — वरचं सारून, खालचं घेऊन. आता जुनी रजिस्टरं काढून एकेका गावाला पुन्हा जाते आहे. त्या बाटल्यांच्या आत कोणीच बोट ओढलं नव्हतं. आणि तिथले लोक माझ्या सहीवर ते पाणी पीत आहेत.