खांदशेकणी

कोमट तुपात हळद पडली की त्या वासानं आजही माझं डोकं फिरतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी नातसून विचारते, "आजी, या दिवसाले खांदशेकणी काहून म्हणतात?" वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा आज शेकतात, म्हणून. एवढंच सांगते.

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली मी दहा वर्षांची होते. घरात साठवलेला कापूस बाबा भर पावसात, चिखलातून अमरावतीच्या बाजारात नेत होते. खांदशेकणीच्या संध्याकाळी मी पळसाच्या पानानं आमच्या ढवळ्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावलं, तर तो थरथरला. तिथं कातडंच उरलं नव्हतं. बाबांनी मात्र रीतीप्रमाणे त्याच्या कानाशी आवतन दिलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

आणि पोळ्याच्या सकाळी त्यालाच गाडीला जुंपलं! मी आडवी गेले. "बाबा, आज त्याचा सण हाय!"

"सण पुढच्या सालीबी येते पोरी, हा भाव नाई येत."

तेव्हा मला बाबांचा राग आला होता. आता संताप येतो तो माझाच. ढवळा चिखलात गाडी ओढत होता, आणि त्याच्या आवतनाची पुरणपोळी मी दोनदा मागून खाल्ली.