मोडीत निघालेली जीप

न्हावऱ्याच्या चौकात पकडलेली ती पांढरी जीप अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण माझी झोप उडवली ती या जीपने.

मी मूळचा चंद्रपूरकडचा. आठवीत शाळा सुटली. पुण्याच्या पोलीस भरतीत उंची आणि छाती कामाला आली, आणि पुढे शिरूरला हवालदार झालो. घर इतकं लांब की सणालाही जाणं व्हायचं नाही. इथल्या लोकांनी मला जेवू घातलं, माझ्या बोलीला हसत हसत आपलं मानलं. त्यामुळे इथल्या माणसाला बेडी घालायची वेळ आली की माझा हात सावकाश चालायचा. चूक तर होत नाही ना, ही धास्ती कायमची.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. जुन्या डिझेल गाड्यांवर एक सवलत निघाली होती. गाडी मोडीत काढायची, तसा दाखला आणायचा, की नव्या गाडीच्या करात सूट. केडगाव, राहू, न्हावरे या पट्ट्यात वडाप करणाऱ्या, म्हणजे माणसं भरून गावोगाव ने-आण करणाऱ्या जीपवाल्यांना वाटलं, आपलं भलं होणार. शिवाय जुन्या गाड्या पुढे बंदच होणार, अशी आवईही होती. बऱ्याच जणांनी जीपा देऊन टाकल्या.

एक दिवस चौकातल्या पंक्चरवाल्याने मला बाजूला घेतलं.

"हवालदार, मेलेली गाडी पळतीया रोडवर."

"म्हणजे?"

"केडगावच्या आप्पाची जीप वो! मोडली म्हनत व्हते. रंग बदललाय, पन तिची चाकं इतकी वर्सं मीच काढतोय. आता कारखान्यावरची लेबर भरून जाती."

आम्ही नाकाबंदी लावली. जीप आली, आम्हाला पाहून थांबली आणि चालक उडी टाकून उसात पसार झाला. चासी नंबर परिवहन कार्यालयाला कळवला. उत्तर आलं: गाडी मोडीत निघाली आहे, दाखला आप्पाच्या नावे दिला आहे.

ठाण्याचे साहेब म्हणाले, "दाखला खिशात आणि गाडी रस्त्यावर! शासनाची फसवणूक आहे ही. घेऊन या त्याला."

आप्पा म्हणजे साठीकडे झुकलेला धनगर गडी. वाडवडलांनी मेंढरं राखली, याने जीप चालवली. ठाण्यात आला तोच ताठ मानेने.

"बसा आप्पा," मी म्हणालो.

"उभाच बरा हाय. चोराला खुर्ची कशाला?"

साहेबांनी विचारलं, "गाडी कुठे लपवली होतीस?"

"लपवली न्हाई सायब. भंगारवाल्या शेठच्या आवारात ह्याच हातानं चालवत न्हेऊन दिली. आता ती चालत परत कशी आली, ते तुमी सांगा."

"नवी गाडी घेतली का?"

"कशानं? सूट हाय ती गाडी घेनाऱ्याला हाय. मी दुसऱ्याच्या टेम्पोवर डायवर हाय आता. तुमी आत टाकलं, लायसन गेलं, की त्योबी मालक दारात उभं करनार न्हाई. मंग काय, बिनचाकाचा फिरू?"

शेठचा जबाब अगदी उलट होता. "जीप मी माझ्यासमोर गॅसनं कापून घेतली. आप्पानं दुसऱ्या गाडीवर तोच नंबर ठोकला असणार." नंबर ठोकण्याचे गुन्हे तेव्हा होतच होते. साहेबांना ते पटलं. आप्पाच्या अटकेची तयारी सुरू झाली.

व्हरांड्यात मी आप्पाला चहा दिला. तो कपाकडे बघत म्हणाला, "गाडी देताना गिअरची मूठ तेवढी काढून आनली. देवाजवळ ठिवलीया."

"का बरं?"

"बैल इकला तर दावं देतं व्हय कुनी? मेंढरू इकलं तरी आमी गळ्यातलं घुंगरू काढून घेतो. लक्ष्मी घरात ऱ्हावी म्हनून."

माझा बापही बैल विकताना गळ्यातला दोर सोडून घ्यायचा. घेणाऱ्याने आपला दोर आणायचा. मी उठून आवारातल्या जीपमध्ये डोकावलो. गिअरच्या दांड्यावर लाकडाची मूठ होती.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मूठ काय, कुणीही बदलेल." खरंच होतं. पण मी धीर करून म्हटलं, "साहेब, शेठला एक प्रश्न मला विचारू द्या." त्यांनी विचारू दिला. एरवी आठवी शिकलेल्या हवालदाराला असं कोण बोलू देतं! तो उपकार मी विसरलो नाही.

शेठ पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर ऐसपैस बसला होता.

"शेठ, आप्पा म्हणतो, गाडीचा एक नटही काढला नाही. जशीच्या तशी दिली. म्हणजे तुम्हाला माल पुरा मिळाला ना?"

भंगाराच्या धंद्यातला माणूस सगळं ऐकून घेईल, माल पुरा मिळाला हे ऐकून घेणार नाही. शेठ उसळला.

"पुरा? कसला पुरा! गिअरची मूठसुद्धा काढून नेली म्हाताऱ्यानं! सुताराकडनं लाकडाची करून बसवावी लागली!"

मग साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"शेठ, कापायच्या गाडीला मूठ कशाला बसवलीत?"

मग एकेक बाहेर आलं. दुसऱ्याच सांगाड्याचे तुकडे दाखवून दाखला मिळवायचा आणि धडधाकट जीप रंगवून लेबर कंत्राटदाराला विकायची. अशी गाडी आप्पाची एकट्याचीच नव्हती. शेठवर गुन्हा दाखल झाला.

मी आप्पाला म्हणालो, "सुटलात तुम्ही."

"सुटलो व्हय. गाडी द्या मंग."

गाडी देता येत नव्हती. कागदावर ती मेलेली होती. खटला संपेपर्यंत ती मुद्देमाल म्हणून आवारात राहणार होती, आणि नंतर खरोखर कापली जाणार होती. हे त्याला सांगताना मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.

लोक म्हणतात, शेठ चोर निघाला, योजनेचा काय दोष? धूर वाईट, हे मला कुणी शिकवू नये. नाक्यावर उभा राहून तो मी आयुष्यभर गिळलाय. पण मी तेव्हापासून एकच विचारत आलोय. शेठ प्रामाणिक असता तर आप्पाचं काय झालं असतं? जीप त्याच दिवशी कापली गेली असती आणि आप्पा त्याच टेम्पोवर असता. फरक इतकाच की मग गुन्हा नोंदवायला कुणी सापडलं नसतं. ज्याच्याकडे नवी गाडी घ्यायची ऐपत आहे त्याला सूट, आणि ज्याच्याकडे जुनी गाडी एवढीच ऐपत आहे त्याने तीच द्यायची. याला मी फायदा म्हणायला तयार नाही. वर्दीत होतो तेव्हाही नव्हतो.

पुढे त्याच योजनेचा मेळावा शिरूरला भरला. जीपवाल्यांना जमवायचं काम माझ्याकडे आलं. गाड्यांसकट जमवले. अधिकाऱ्याचं भाषण झालं. "कुणाला काही शंका?" त्याने विचारलं.

जीप उरली नव्हती तरी आलेला आप्पा मागून उठला.

"सायब, नवी दारात येईस्तवर जुनी चालवू द्या. एवढं ल्हिऊन द्या. ही समदी आत्ता किल्ल्या देत्यात."

अधिकारी म्हणाला, "नियमात तशी तरतूद नाही."

"मंग आमच्यातबी न्हाई," आप्पा म्हणाला आणि चालू लागला. त्याच्यामागे एकेक जीपवाला उठला. बाहेर गाड्या सुरू झाल्या, मांडवात धूर शिरला.

अधिकारी माझ्यावर ओरडला, "हवालदार, थांबवा त्यांना!"

मी सलाम ठोकला आणि म्हणालो, "साहेब, मला आदेश जमवायचा होता. धरून ठेवायला गुन्हा लागतो." आणि रस्त्यावर जाऊन त्यांच्या जीपांना वाट करून दिली.